हाशिमा एका रात्रीत ओस पडलं नाही

समुद्रातल्या पडक्या इमारतींचा फोटो फिरतोय: ‘अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे जपानचं हे बेट एका रात्रीत रिकामं झालं.’ साफ खोटं. हे नागासाकीजवळचं हाशिमा, मित्सुबिशीच्या कोळसा खाणीची वसाहत. बॉम्ब पडला १९४५ साली; त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५९ मध्ये, जेमतेम सोळा एकरांत ५,२५९ माणसं दाटीवाटीने राहत होती. काँक्रीटची बहुमजली चाळ तर इथे १९१६ सालीच उभी राहिली होती. पुढे पेट्रोलियमने कोळसा मागे टाकला. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत सगळे बोटीने निघून गेले. अशा थरारक गोष्टी रंगवताना युद्धकाळात इथे सक्तीने राबवलेले कोरियन आणि चिनी मजूर मात्र कुणालाच आठवत नाहीत, याची चीड येते.