शाल, श्रीफळ आणि बॅगेतली पुस्तकं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. सांगलीतल्या एका व्याख्यानमालेनं एका लेखकाला बोलावलं, त्यानं मानधन किती ते विचारलं आणि आमचा एक वर्गमित्र भडकला. "साहित्याची सेवा करायची आणि वर पैसे मागायचे? शाल-श्रीफळ दिलं की झाला मान!" खाली अंगठ्यांची रांग.

हे सांगलीत बोललं जातंय, याचा मला जास्त राग आला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते आपल्या गावात. नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो, 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. आणि गावातल्या पोरांचं हौशी नाटक लागलं की पहिला प्रश्न, "पास आहेत का रे?" त्या पोरांनी नोकऱ्या सांभाळून तालमी केलेल्या असतात, नेपथ्याचे पैसे खिशातून घातलेले असतात.

मी राहतो ते इंग्लंडमधलं गाव लहान आहे. इथली हौशी मंडळी चर्च हॉलमध्ये वर्षाला तीन नाटकं करतात, जानेवारीत पँटो, म्हणजे परीकथेवरचं गाण्या-विनोदांचं नाटक. दिग्दर्शिकेचा नवरासुद्धा तिकीट काढून आत येतो. दारावर मीच असतो, म्हणून सांगतोय. वाचनालयात लेखिका येणार असली तर पाच पौंडांचं तिकीट, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. वाचनालयातून पुस्तकं किती वेळा घरी नेली जातात, त्या हिशेबानं लेखकाला सरकारकडून पैसे मिळतात. 1979 पासूनचा कायदाच आहे तसा. वाचनालयं इथेही बंद पडताहेत, पण तो वेगळा मुद्दा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "पौंडात कमावतोस, तुझं काय जातंय बोलायला?"

लागलं मला ते. इथल्या हौशी मंडळींत मी अकरा वर्षं आहे. तिकिटं, मध्यंतरातला चहा, पडदा, सगळं करतो. रंगमंचावर मात्र कधी गेलो नाही. कुणी अडवलं नाही, मीच कधी विचारलं नाही. इथले विनोद मला अजून क्षणभर उशिरा कळतात. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेत बसूनही नटाच्या आधी वाक्य माझ्या ओठांवर यायचं. पण तिथे तरी मी तिकीट कधी काढलं होतं? काकांकडे पास यायचे.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर लिहिली नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला आलेल्या एका मराठी लेखकांना आमच्या इथल्या मराठी मंडळानं बोलावलं होतं. बैठकीत मानधनाचा विषय निघाला तेव्हा "छे, घरचेच आहेत ते," असं म्हणणारा मीच होतो. ते दीड तास फार सुंदर बोलले. आम्ही शाल दिली, नारळ दिला. त्यांनी वीस पुस्तकं आणली होती, त्यातली सहा खपली. मुक्काम आमच्याकडेच होता. रात्री पाणी द्यायला गेलो तर ते जमिनीवर बसून बॅग भरत होते. शाल घडी करून आत ठेवली, तर चेन लागेना. मग त्यांनी चार पुस्तकं बाहेर काढली आणि म्हणाले, "ही राहू देत तुमच्याकडे. कुणी विचारलं तर द्या."

ती चारही माझ्या कपाटात आहेत. त्यांचे पैसे मी अजून पाठवलेले नाहीत.