कागदाचा गठ्ठा आणि हरवलेले वजाचे चिन्ह

आज संध्याकाळी भाची क्लासमधून सराव प्रश्नपत्रिकांचा भलामोठा गठ्ठा घेऊन आली आणि तो पाहताच माझे डोके फिरले. सीईटी, म्हणजे बारावीनंतरची प्रवेश परीक्षा, तोंडावर आली आहे आणि सराव चालला आहे छापील कागदावर, सोबत गोल काळे करायची उत्तरपत्रिका! एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते, देशपातळीवरच्या जेईई मेनचा इंजिनिअरिंगचा पेपरही त्याच वर्षापासून फक्त संगणकावर गेला, तरी आमच्या गावातल्या क्लासला त्याची खबर नसावी? मी सरांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, हाताने सोडवलेलेच लक्षात राहते. संगणकाचे काय, शेवटच्या आठवड्यात एक मॉक घेऊन टाकू."

हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या वेळी ऐकले होते आणि मुकाट्याने मान डोलावली होती.

तो कागदावर उत्तम सोडवायचा. प्रश्नातल्या 'नाही' या शब्दाखाली रेघ मारायचा, आकृतीवरच कोन लिहायचा, अडलेल्या प्रश्नाला पेन्सिलीने गोल करून पुढे जायचा. परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटे. प्रश्न समोर पडद्यावर, कच्चे काम खाली कागदावर, आणि मान सारखी वरखाली. पडद्यावर ना रेघ मारता येते, ना आकृतीवर काही लिहिता येते. त्या वरखाली करण्यात एका समीकरणातले वजाचे चिन्ह वरच राहिले. चुकीच्या चिन्हाने येणारे उत्तरही पर्यायांत होतेच, पेपर काढणारे ते मुद्दाम ठेवतात, त्यामुळे चूक झाल्याची शंकाही त्याला आली नाही. घरी आल्यावर जेवताना मध्येच थांबून तो म्हणाला, "आई, तिथे मायनस होता."

शिवाय नंतर पाहू म्हणून खूण करून ठेवलेले सात प्रश्न तसेच राहून गेले, आणि ते कोरे सोडले म्हणून कोणी शाबासकी देत नाही, कारण या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतच नाहीत. कागदावर पाने चाळताना पेन्सिलीचे गोल आपोआप डोळ्यांत भरतात. पडद्यावर मात्र कोणता प्रश्न राहिला हे सांगणारे बाजूच्या आकड्यांचे रंग वाचायची सवय आधीच लागलेली असावी लागते.

शिकणे कागदावरच व्हावे, हे मलाही मान्य आहे; गणित शेवटी बोटांतूनच डोक्यात जाते. तासन्‌तास पडद्याकडे बघून डोळे चुरचुरतात, हेही खरे. पण शिकणे वेगळे आणि परीक्षेचा सराव वेगळा, एवढे वर्षानुवर्षे क्लास चालवणाऱ्यांना कळू नये? घरी संगणक नसलेल्या मुलांचे काय, असे कोणी विचारील. अहो, त्यांच्यासाठीच तर मी भांडते आहे! मोबाइलच्या टीचभर पडद्यावर बोट फिरवून सीईटीचा सराव होत नाही. एवढी फी घेणाऱ्यांनी चार जुने संगणक मांडून मुलांना आळीपाळीने बसवले, तर काय बिघडेल?

इतके लिहिल्यावर मात्र थोडे थांबावेसे वाटते, कारण एक गोष्ट मी सोयीस्करपणे गाळली होती. त्या वर्षी मुलाने ऑनलाइन मॉक देण्यासाठी लॅपटॉप मागितला, तेव्हा तो कपाटात कुलूप लावून मीच ठेवला होता. हा अभ्यासाच्या नावाखाली गेम खेळत बसेल, अशी माझी खात्री होती. त्याने दोनदा मागितला, तिसऱ्यांदा मागितला नाही. सरांवर ओरडणे सोपे आहे. ते वजाचे चिन्ह हरवण्यात माझाही हात होता आणि त्याने आजवर एकदाही तसे बोलून दाखवलेले नाही.

आज जेवणे झाल्यावर तोच लॅपटॉप टेबलावर काढला. परीक्षेत टचपॅड नसतो, म्हणून माळ्यावरचा जुना माउस शोधून पुसला आणि भाचीला ९० मिनिटांचे घड्याळ लावून बसवले. मुलाला हॉस्टेलवर फोन करून हे सांगितले, तर तो म्हणाला, "कच्च्या कागदावर आधी प्रश्नाचा नंबर लिहायला सांग, आणि उतरवून झाल्यावर एकदा वर बघायला सांग."

ती आता बाविसाव्या प्रश्नावर आहे. मी शेजारच्या खोलीत बसून हे टाइप करते आहे आणि दर दोन मिनिटांनी दारातून तिची मान वर जाते की नाही ते पाहते आहे.