बुटीक हॉटेलात जाताय? घरून तांब्या न्या

समुद्रकाठच्या बुटीक हॉटेलात दोन दिवस राहायचं तुमच्या मनात असेल, तर आधी अभिनंदन. तिथे दोन रात्रींत माणसाची जी आध्यात्मिक उन्नती होते, ती विपश्यनेत दहा दिवस गप्प बसूनही होत नाही. मी नुकताच 26 जानेवारीच्या जोडसुट्टीत अलिबागजवळच्या अशाच एका तीर्थक्षेत्री जाऊन आलोय. सोबत बायको आणि माझी 74 वर्षांची आई. हॉटेलचं नाव सांगत नाही. तसंही सगळ्यांची नावं सारखीच असतात: इंग्रजी, बारीक अक्षरांत, एक शब्द मिठाचा आणि एक वाळूचा.

बुकिंग करताना फोटो मनसोक्त बघून घ्या, कारण त्या खोलीची आणि तुमची भेट तेवढीच. फोटोतला निळाशार पूल प्रत्यक्षात आमच्या आजोळच्या हौदाएवढा निघाला. त्या हौदावर निदान म्हशी तरी पाणी प्यायच्या. ‘पार्शल सी व्ह्यू’चे रात्रीला दीड हजार जास्त अवश्य द्या. समुद्र दिसतो. खुर्चीवर उभं राहिलं की सुरूच्या दोन झाडांमधून दिसतो.

रस्त्यात वडखळ नाक्यावर होणाऱ्या कोंडीबद्दल मी काही बोलणार नाही. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट पकडा, तासाभरात गाडीसकट मांडव्याला उतरा. या लेखातला एवढा एकच सल्ला खरा आहे.

खोलीत शिरल्यावर चेहऱ्यावर कौतुक ठेवा. भिंतीला गिलावा नाही, छताच्या तुळया उघड्या, वायरींचे पाइप बाहेरून गेलेले. आईने सामान ठेवायला आलेल्या पोराला मायेने विचारलं, “काम अजून बाकी आहे का रे?” तो बिचारा म्हणाला, “नाही आजी, झालंय.” तुमच्या आईला हे आधीच समजावून आणा.

कपडे वाळत घालायला दोरी मागू नका. सौंदर्याला बाधा येते.

दुपारी चारचा चहा सोडायची सवय महिनाभर आधीपासून करा.

बाथरूमबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो. खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये काच आहे. आरपार दिसणारी. पलंगावर पडल्या पडल्या आंघोळ करणारा माणूस दिसावा, ही गरज नक्की कोणाची, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. त्या काचेला पडदा आहे, पडद्याला रिमोट आहे आणि रिमोटला सेल नाहीत. मग आम्ही वेळापत्रक लावलं. आई आंघोळीला गेली की मी आणि बायको व्हरांड्यात. मी गेलो की त्या दोघी व्हरांड्यात. खुर्चीवर चढल्याशिवाय समुद्र दिसत नाही, ते वर सांगितलंच. बायको दुसऱ्या दिवशी म्हणाली, “साडेअकरा हजार देऊन आपण ओट्यावर बसायला आलोय.”

बेसिनच्या जागी पितळेचं घंगाळ बसवलेलं होतं. आईने ते ओळखलं आणि तिला भरून आलं. घंगाळ आहे म्हणजे बादलीही असणार, असा तिचा सरळ हिशेब. बादली नव्हती. वरून पाऊस पाडणारा शॉवर होता, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो डोक्यावर घ्यायची तिची तयारी नव्हती. बादली मागवली. ती चाळीस मिनिटांनी आली, मगाशिवाय. तेव्हा आईने काय केलं, तर टेबलावर ‘रस्टिक’ म्हणून मांडलेला पितळी तांब्या उचलला, त्यातली फुलं काढून नीट कागदावर ठेवली आणि आंघोळ उरकून आली. त्या खोलीत ज्याचा काही उपयोग झाला, अशी ती एकमेव वस्तू.

दिव्यांची बटणं दाबू नका. एक दाबलं की सगळं जातं, आणि दुसरं दाबलं की डोळ्यावर येणारा निळा दिवा लागतो, तो मग सकाळपर्यंत.

आता जेवण. मेनूकार्ड मागू नका, चौकोन स्कॅन करा. रेंज फाटकापाशी येते, तिथे जाऊन वाचा, लक्षात ठेवा, परत या. सोलकढी दारूच्या इवल्याशा पेल्यात येईल; ती तीनशे रुपयांची आहे हे आठवून सावकाश प्या. आणि ‘कॅच ऑफ द डे’ नक्की मागवा, आम्ही मागवलं तसं. किनाऱ्यावरचं गाव, जानेवारीचा महिना, समोर समुद्र (सुरूमागे का होईना). मनात आलं, आज सुरमई असेल, हलवा असेल, नशीब असेल तर पापलेट. आला एक पांढरा, गुळगुळीत, काटा नसलेला, वास नसलेला, चव नसलेला तुकडा. त्याच्यावर पिवळा रस्सा, रश्शावर जास्वंदीची पाकळी. मी वाढणाऱ्या पोराला विचारलं, “मासा कोणता?” त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग वाकून मराठीत हळूच म्हणाला, “साहेब, बासा आहे.”

बासा! अहो, बासा हा गोड्या पाण्यातला मासा. मूळचा मेकाँग नदीकडचा. तळ्यात वाढवतात, साल-काटा काढून तुकडे करतात, गोठवून खोक्यांत भरतात. तो डोंबिवलीच्या मॉलमध्ये मिळतो. त्यासाठी मी गाडी बोटीत घालून समुद्र ओलांडला होता का? इथून पाच मिनिटांवर कोळणी टोपल्या लावून बसल्यात. बोंबील, मांदेली, कोलंबी. त्यांच्याकडचा मासा या स्वयंपाकघरात का जात नाही? म्हणून मी मॅनेजरला विचारलं. मराठीत विचारलं, त्याने हिंदीत उत्तर दिलं, तो वेगळा विषय. म्हणाला, गेस्टना काटे आवडत नाहीत, आणि लोकल मछली को स्मेल आती है. माशाला माशाचा वास येतो ही तक्रार! मग तो पोरगा थाळ्या उचलताना सहज बोलून गेला, “मी इथल्याच थळ गावचा. आमच्याकडे आज हलवा आहे.” म्हणजे ज्याच्या घरी हलवा शिजतोय, त्याने दिवसभर उभं राहून मुंबईकरांना बासा वाढायचा, तोही ‘कोस्टल हेरिटेज’ म्हणून. आईने तो तुकडा पानाच्या कडेला सारला आणि वरण मागितलं. वरण मेनूत नव्हतं. दाल होती, चारशे वीस रुपये. आकडा माझा नाही, त्यांचाच.

बिल आलं की वाचू नका. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी 18 टक्के, तो द्यावाच लागतो. त्याच्याखाली 10 टक्के सर्व्हिस चार्ज असेल, तोही गपगुमान द्या. तो आपोआप बिलात घालता येत नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरलं, असल्या किरकोळ गोष्टी सुट्टीत काढायच्या नसतात. मी काढल्या. “सर, सिस्टीम जनरेटेड है.” मी काउंटरवर उभं राहून ग्राहक हेल्पलाइनचा 1915 लावायला घेतला, आणि सिस्टीमला तिथल्या तिथे सुबुद्धी झाली.

शेवटचा सल्ला सकाळच्या फेरफटक्याबद्दल देणार होतो, पण आता थट्टा सुचत नाही. हॉटेलच्या मागच्या कुंपणापलीकडे बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातले होते. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून हॉटेलने मध्ये चटयांची उंच भिंत उभी केली आहे. आणि आत, बारच्या जागी, मधोमध कापलेली एक जुनी होडी आहे, पॉलिश केलेली. तिच्यावर बाटल्या मांडल्यात. वाळूत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना वॉचमन “हॉटेलचा बीच आहे, तिकडे जा” म्हणून हाकलत होता. मी म्हटलं, बाबा, भरती येते ती जागा सरकारची, कोणाच्या बापाची नाही. तो म्हणाला, “मला माहितेय साहेब, मी इथलाच आहे.”

लाज वाटायला हवी. ज्यांच्या होड्या कापून तुम्ही काउंटर केलेत, त्यांच्या पोरांना वाळूत उभं राहू देत नाही? घंगाळ, तांब्या, होडी, सगळं उचललंत आणि ते वापरणाऱ्यांना फाटकाबाहेर ठेवलंत. सकाळी साडेसहाला तुमच्या त्या हौदासाठी पाण्याचा टँकर येतो, तो मी व्हरांड्यात बसून पाहिलाय; तेव्हा बाथरूममध्ये आई होती. आणि आपणही कमी नाही. आपण जातो, पैसे मोजतो, होडीला टेकून फोटो काढतो आणि घरी येऊन “मस्त व्हाइब होती” म्हणून सांगतो. मीही काढलाय एक फोटो. सुरमईची थाळी वाढणारी साधी खाणावळ त्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर होती, तिथे आम्ही परतीच्या दिवशी गेलो. पहिल्याच दिवशी जायला कोणी अडवलं होतं?

रो-रोत बसलो तेवढ्यात फोनवर हॉटेलचा मेसेज आला: तुमचा अनुभव कसा होता, कोणत्या कर्मचाऱ्याने विशेष सेवा दिली, नाव लिहा. आई म्हणाली, “त्या थळच्या पोराचं लिही. त्याने खरं सांगितलं.”

मी लिहिलं नाही. खरं सांगितलं म्हणूनच त्याची नोकरी जायची.