उत्तेजनार्थ

नारळी पौर्णिमेच्या फोटो स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिल्या नंबरचा फोटो मुळात कोणी काढलेलाच नाही, असं माझं म्हणणं आहे. मालवणात ते आता चहाच्या टपरीवरही कोणी ऐकून घेत नाही.

धक्क्यावर बायकांची नारळ लढवायची स्पर्धा होती. एकीने आपला नारळ घट्ट धरायचा, दुसरीने त्यावर आपला हाणायचा, फुटेल ती बाद. फुटण्याचा क्षण डोळ्याला दिसतच नाही. आवाज होतो तोवर पाणी उडून गेलेलं असतं. संध्याकाळ ढगाळ, उजेड कमी. मी शटर १/१००० सेकंदावर ठेवला, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) नाइलाजाने चढवला आणि कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिलो. शेजारचा पोरगा माझ्या पुढ्यात हात वर करून आख्खी स्पर्धा मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. घरी जाऊन त्याने पंख्याखाली लोळत बोटाने व्हिडिओ मागेपुढे सरकवला, एका जागी थांबवला आणि तेवढाच तुकडा प्रिंटला दिला. पहिला नंबर!

परीक्षक कोण, तर झेरॉक्सवाले अण्णा. प्रिंट त्यांच्याच दुकानात काढायचे होते, त्यामुळे सगळ्या प्रवेशिका त्यांनी आधीच पाहिलेल्या. वेगळा परीक्षक कशाला, असा मंडळाने विचार केला असावा. मी दुकानात गेलो तेव्हा ते कोणाचा तरी सातबारा लॅमिनेट करत होते.

"अण्णा, तो फोटो व्हिडिओतून काढलाय."

"म्हायत असा माका. मगे?"

"मग तो फोटो कसा?"

अण्णांनी सातबारा मशीनमधून पूर्ण बाहेर येऊ दिला, कडा कापल्या, गिऱ्हाईकाकडून पैसे घेतले आणि मगच माझ्याकडे वळले.

"तुका सांगतंय. आमच्या आळीतलो एक म्हातारो गेलो. घरात फोटो एक नाय. आधार कार्डावरचो होतो, पण तेच्यात तो आधीच गेल्यासारखो दिसा. शेवटाक भाच्याच्या लग्नाची कॅसेट गावली. पंगतीत बसललो. हातात जिलबी, तोंड उघडा. थयच थांबवलंय. जिलबी काढलंय, हात कापलंय, बाजूची वाढपीण पुसलंय, पाठी निळो पडदो टाकलंय."

"आणि तोंड?"

"तोंड उघडाच रवला. घरचे म्हणाले, ऱ्हवां दे, हसतासा वाटता. इतकी वर्सां झाली, तेका हार घालतत. ह्यो क्यामेऱ्यातलो काय व्हिडिओतलो, कोण इचारता?"

यावर काय बोलायचं? व्हीएचएस कॅसेटमधून निघून निघून चित्र किती निघणार? पडद्यावरच्या रेघाच ५७६, आणि टेपवर त्यांतलाही तपशील अर्धामुर्धा उरलेला. भिंतीवर तो म्हातारा कसा दिसत असेल याची मी कल्पना करू शकतो. पण मेलेल्या माणसाच्या उघड्या तोंडासमोर पिक्सेलच्या गोष्टी करायला जीभ उचलत नाही. अण्णांना हे पुरतं ठाऊक होतं.

मी तांत्रिक बाजूने शिरलो. फोर-के व्हिडिओतलं एक चित्र ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख पिक्सेल. माझ्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख. शिवाय व्हिडिओ दाबून दाबून साठवलेला. बरीचशी चित्रं पूर्ण नसतातच, मागच्यापुढच्या चित्रात काय बदललं एवढीच नोंद असते आणि उरलेलं फोन जुळवून देतो. कमी उजेडात प्रत्येक चित्राला १/३० किंवा १/५० सेकंद मिळतो, तेवढ्यात पाण्याचा थेंब लांबलचक रेघ होऊन बसतो. माझ्या फोटोत थेंब हवेत सुटे सुटे लटकलेत, करवंटीच्या भेगेतला काथ्याचा एकेक धागा मोजून घ्यावा!

"खरा असा," अण्णा म्हणाले. "पण तुझ्या फोटोत बाईचा तोंड खय असा?"

बाईचं तोंड त्या पोराच्या कोपरामागे होतं.

इथे खरं दुखतं. हल्ली कुठेही जा, पालखी असो, दशावतार असो, बारसं असो, पुढच्या रांगेत हातांचं कुंपण असतं. सगळं रेकॉर्ड करायचं, बघायचं काहीच नाही. पुढे कधीतरी निवडू म्हणून उचलून न्यायचं. फोटो काढणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, कुठे उभं राहायचं, काय सोडायचं, कधी दाबायचं. ते ठरवण्यात चुकलो तर फोटो गेला. यांचं काहीच जात नाही. एवढं करून त्या पोराचा फोन माझ्या कॅमेऱ्यापेक्षा महाग.

"आणि तुझा मशीन थय टरटरटरटर वाजत होता, ता काय होता?" अण्णांनी विचारलं.

ते बर्स्ट होतं. सेकंदाला दहा फोटो. पण माझे दहा आणि व्हिडिओतली सेकंदाला तीस चित्रं यांत फरक आहे, आणि ते दहाही माझ्या बोटाने, माझ्या वेळेला सुरू झालेले, असं मी ठणकावून सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या ज्या लायकाने हातात मावणारा कॅमेरा लोकप्रिय केला, तो सिनेमाचीच ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी सरकवून चालायचा. म्हणजे आमचं घराणंही सिनेमाच्या रिळातूनच निघालेलं. असला मुद्दा अण्णांच्या हाती देण्याइतका मी दूधखुळा नाही.

तेवढ्यात विजेता स्वतःच दुकानात आला. बक्षिसाच्या फोटोची मोठी प्रत हवी होती, आजीला द्यायला. हरलेली बाई त्याची आजीच निघाली.

"काका," त्याने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, "ह्याच्यात व्हिडिओ होत नाय?"

"होतो. फोर-के."

"मगे?"

"बॅटरी खातो," मी म्हणालो. खातोच.