60 हजार वर्षं जुनं म्हणजे बेवारस?

माझी भाची टेक्स्टाइल डिझाइन शिकते. तिच्या वर्गातून फिरत आलेला एक फॉरवर्ड आता आमच्या घरच्या ग्रुपवरही थडकलाय: ‘ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची 60 हजार वर्षं जुनी ठिपक्यांची भाषा, हजारो वर्षांची कापडावरची कला. कॉपीराइट नाही. सोबतच्या तक्त्यातली चिन्हं उचला, ओढणीवर आपली गोष्ट सांगा.’ बाईसाहेब रंग घेऊन बसल्याही, म्हणून हे लिहिणं आलं.

‘कॉपीराइट नाही’ ही शुद्ध थाप. पर्थच्या एका कंपनीनं आदिवासी चित्रकारांची चित्रं न विचारता व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून घेतली. वर लेबल काय, तर चित्रकारांना रॉयल्टी मिळते! त्यात उत्तर ऑस्ट्रेलियातल्या यिर्काला गावच्या चित्रकार बांडुक मारिका यांचं घोरपडी आणि पवित्र पाणवठ्याचं चित्र होतं. ते काढायचा अधिकार त्यांना कुळाकडून मिळालेला, आणि आता त्यावरून लोक चपला घालून फिरणार. कुळाच्या रिवाजात अशा नक्कलेचा जाबही मूळ चित्रकारालाच द्यावा लागतो; विधीत बसू न देण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. 1994 साली फेडरल कोर्टानं कंपनीला दोषी धरलं आणि आठ चित्रकारांच्या बाजूनं सुमारे 1 लाख 88 हजार डॉलर भरपाई ठरवली. परंपरा जुनी असेल, चित्र काढणारी बाई जिवंत होती.

तो तक्ता तर विनोदच आहे. एकात एक वर्तुळं म्हणजे म्हणे ‘पाणवठा’. पाणवठा असेल, मुक्काम असेल, चूलही असेल. गोष्ट कुठली आणि सांगतंय कोण, यावर ते ठरतं. आणि ठिपके म्हणजे अख्खा ऑस्ट्रेलिया नव्हे. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडच्या चित्रांची ओळख बारीक आडव्यातिडव्या रेघांची. बोर्डावर ठिपके भरायची वाळवंटातली चळवळ 1971 ची, मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीची.

‘हजारो वर्षांची कापडावरची कला’ हेही सोडा. एर्नाबेला, युटोपिया या वाळवंटातल्या वस्त्यांमधल्या बायका बाटिक (मेण लावून कापड रंगवणं) शिकल्या त्या 1970 च्या दशकात.

कोणी म्हणेल, ‘आपली वारली नाही का कोणीही काढत?’ काढतात की! म्हणूनच 2014 साली वारलीला जीआय (भौगोलिक ओळखीचं कायदेशीर संरक्षण) घ्यावा लागला.

आता एक कबूल करतो, नाइलाजानं: वर्तुळावर कोणाची मालकी नाही. घर, वाट, माणूस यांना स्वतःच्या खुणा ठरवून ओढणीवर गोष्ट मांडायची कल्पना चांगलीच आहे. भाचीनं आजीच्या विहिरीपासून सुरुवात करावी, ठिपक्यांचा नाद सोडून. आणि तिकडचंच कापड हवं असेल तर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या टिवी बेटांवरच्या किंवा मानिंग्रिडा गावच्या कलाकेंद्रांचं घ्यावं. तिथले कलाकार स्वतः छापतात. महाग पडेल. पडू दे.