तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: मॉडेल कमी का केली आणि तुमच्या युनिटचं पुढे काय

नमस्कार, तुमचा रिव्ह्यू परवाच वाचला होता पण छापील टाइपचं उत्तर टाकायचं नव्हतं म्हणून दोन दिवस घेतले. तुमचं म्हणणं असं की आम्ही डॅक-अँपच्या (डिजिटल सिग्नलचा आवाज करून हेडफोनला ताकद देणारं यंत्र) अकरा मॉडेलची चार केली, तुम्ही चारच महिन्यांपूर्वी घेतलेला बॅटरीवाला पोर्टेबल डॅक-अँप त्यात बंद झाला, तुम्हाला कोणी कळवलं नाही, आणि हे सगळं पैसे वाचवायला केलं.

न कळवल्याबद्दल आधी मनापासून माफी. तुम्ही घेतलात तेव्हा आमचा निर्णय जवळजवळ झालेला होता, विक्रीच्या पानावर "शेवटची बॅच" एवढे दोन शब्द टाकायला हवे होते, टाकले नाहीत. चूक सरळ आमची आहे.

पण अकरा मॉडेल म्हणजे चॉईस होता हे मला खरंच पटत नाही. ती अकरा झाली कशी ते सांगतो. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओकाला एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या फॅक्टरीत आग लागली, डॅक चिप मिळेनाशा झाल्या, मग आम्ही दुसऱ्या कंपनीची चिप घेऊन बोर्ड नव्याने काढला आणि जुना स्टॉक शिल्लक होता म्हणून नव्याला वेगळं नाव दिलं. मग 4.4 मिमीचा बॅलन्स्ड जॅक (डाव्या-उजव्या कानाच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवणारं हेडफोनचं सॉकेट) मागणारे आले, त्यांच्यासाठी अजून एक, 2.5 मिमीवाले आधीचे होतेच, मग जास्त पॉवरचं "प्रो", असं करत करत तीन डोंगल (फोनला लावायचे, फोनच्याच बॅटरीवर चालणारे छोटे डॅक-अँप) असे झाले की व्हॉल्यूम नीट मॅच करून ऐकले तर आमच्याच टीममध्ये कुणाला फरक ओळखता आला नाही.

आणि जिथे फरक ऐकू यायचा तिथे तो चुकीच्या कारणाने यायचा. आमच्या एका जुन्या डेस्कटॉप अँपचा आउटपुट इम्पीडन्स (अँपचा स्वतःचा आतला विद्युत विरोध) 10 ओहम होता. आता मल्टी-ड्रायव्हर (आत एकापेक्षा जास्त छोटे स्पीकर असलेल्या) इयरफोनचा इम्पीडन्स सगळीकडे सारखा नसतो, समजा एका फ्रिक्वेन्सीला 8 ओहम आणि दुसरीकडे 32, तर त्या अँपवर या दोन जागांमध्ये आवाजाच्या पातळीत साडेचार डेसिबलपेक्षा (डीबी) जास्त फरक पडतो, तेच आउटपुट अर्धा ओहम असेल तर अर्धा डीबी पण नाही. म्हणजे प्रत्येक इयरफोनला तो अँप वेगळाच रंग लावायचा, कोणाला वॉर्म वाटायचा कोणाला कर्कश, आणि आम्ही त्याला "वेगळी साउंड सिग्नेचर" म्हणून विकलं. त्याची मला आजही लाज वाटते. आता चारही मॉडेल एक ओहमच्या खाली आहेत, सगळ्यांना गेन स्विच (अँपने सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा) आहे, फरक फक्त पॉवर किती आणि कुठे वापरणार एवढाच. 300 ओहमच्या हेडफोनला 2 व्होल्टवर जेमतेम 13 मिलीवॅट मिळतात, त्याला जास्त व्होल्टेज हवं तर डेस्कटॉपवाला घ्या, साध्या इयरफोनला डोंगल पुरतो, इतकं सोपं उत्तर आम्हाला आधी देताच येत नव्हतं.

पैसे वाचले का, तर हो वाचले. पण त्याहून जास्त वेळ वाचला, सॅम्पल रेट (डिजिटल गाण्यात सेकंदाला किती नमुने असतात तो आकडा) बदलताना "टक" असा आवाज येतो ती तक्रार तुम्हीही लिहिली आहे, तो बग आम्हाला एकदाच सापडला होता पण फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) प्रत्येक मॉडेलवर वेगळं टेस्ट करावं लागलं आणि तुमचं मॉडेल रांगेत मागे राहिलं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही बरोबर आहात, आम्ही चुकलो. आम्ही मॉडेल आवाजावरून मोजली. तुम्ही लिहिलंय की डोंगल फोनची बॅटरी खातो आणि लांबच्या प्रवासात हाच तर मुद्दा असतो, आमच्या मीटिंगमध्ये हे कोणी बोललंच नाही. आताच्या पोर्टेबलला पॉवरसाठी दुसरा टाइप-सी पोर्ट आहे, पॉवर बँक लावली की फोनवर लोड येत नाही, पण खिशात अजून एक वस्तू आणि अजून एक वायर, हे तुमच्या युनिटइतकं सुटसुटीत नाही हे मान्य. त्यामुळे या पोर्टेबलच्या पुढच्या डिझाइनमध्ये बॅटरी आत घेतोय, वेगळं पाचवं मॉडेल काढणार नाही.

तुमच्या युनिटचं: "टक"वाला फर्मवेअर फिक्स तयार आहे, याच आठवड्यात ईमेलने येईल. बॅटरी पाच वर्षं बदलून देऊ, सेल आत्ताच साठवून ठेवत नाही कारण लिथियम सेल कपाटात पडूनही जुने होतात, साइज कॉमन आहे त्यामुळे लागेल तेव्हा ताजे मागवू. आणि तरीही परत करायचं असेल तर चार महिने झाले असले तरी पूर्ण पैसे देतो, फर्मवेअरच्या त्याच ईमेलला रिप्लाय करा.