बीएससी नर्सिंगचं कर्ज: एम्सचा पगार बघून सही करू नका

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नर्सिंगला घाला, नोकरीला मरण नाही." ते खरंही आहे. नोकरी मिळते. पण त्या नोकरीच्या पगारात बँकेचा हप्ता बसतो का, हे चार वर्षं कुणी विचारत नाही.

माझं मत आधीच सांगते. मुलगी घरी राहून इंदूरच्या खासगी कॉलेजात शिकणार असेल, तर कर्ज दोन लाखांच्या वर जाऊ देऊ नका. हा आकडा कुठून आला ते बघा.

समजा चार लाखांचं कर्ज घेतलं. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख थेट कॉलेजच्या खात्यात जातात आणि व्याज 10.5 टक्के आहे. चार वर्षं शिक्षणाची आणि वर एक वर्ष सवलतीचं, एवढा काळ बँक सरळव्याज लावते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सगळं मिळून 1 लाख 47 हजार. सवलत संपली की ही रक्कम मुद्दलात मिळवतात आणि हप्ता 5.47 लाखांवर बसतो. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला 7,381. बँकेत पंधरा वर्षांचा पर्याय पुढे केला जातो, हप्ता 6,047 वर येतो आणि घरच्यांना हलकं वाटतं. फेड मात्र एकूण 10.88 लाखांची होते.

आता पगार. खासगी रुग्णालयात नव्या नर्सला 16,000 ठरले आणि त्यात मूळ वेतन 12,000 आहे असं धरू. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440 गेले, ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 120 गेले. हातात 14,440. त्यातले 7,381 बँकेचे, म्हणजे अर्ध्याहून जास्त. रात्रपाळीच्या रिक्षाचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

हप्ता हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्शात बसवायचा तर 3,610 च्या वर जाता येत नाही. उलटा हिशोब केला की मूळ कर्ज 1.95 लाखांवर थांबतं. दोन लाख म्हणते ते यासाठी. तुमच्याकडचा पगाराचा आकडा वेगळा असेल तर तो टाका, पण तो कॉलेजच्या प्लेसमेंट काउंटरवरून आणू नका. मागच्या वर्षी पास झालेल्या दोघी-तिघींना पगाराच्या महिन्यात खात्यात नेमके किती आले ते विचारा.

यावर लगेच एम्सचं नाव निघतं. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900, वर महागाई भत्ता. तिथे 7,381 चा हप्ता जाणवतही नाही. पण ती नोकरी नॉरसेट म्हणजे एम्सची नर्सिंग भरती परीक्षा पास झालेल्यांची आहे, आणि जागा 80 टक्के महिलांना, 20 टक्के पुरुषांना. घरातला उमेदवार मुलगा असेल तर हे आधी वाचा. राज्य सरकारी नोकरी मिळाली तर नेमणुकीच्या आदेशातली परिवीक्षेची (प्रोबेशनची) ओळ नीट बघा. पहिल्या वर्षी मूळ वेतनाच्या 70 टक्केच मिळतील असं लिहिलं असेल, तर 28,700 चे 20,090 होतात. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या सीएचओला (सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याला) 25,000 आणि कामगिरीवर 15,000 पर्यंत मिळतात, पण ते कंत्राटी पद आहे.

खासगी पगारासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2016 मध्ये केंद्राच्या समितीने शिफारशी केल्या. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, 50 पेक्षा कमी असतील तरी किमान 20,000. कागद छान आहे. पण शिफारस ती शिफारस, त्यावर हप्ता भरता येत नाही.

मध्य प्रदेशात याहून मोठा खड्डा आहे, तो उशिराचा. नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेच्या घोटाळ्यात 2020-21 च्या तुकडीच्या परीक्षा उच्च न्यायालयातल्या प्रकरणामुळे लांबत गेल्या. सीबीआय तपास लागला, आणि 2024 मध्ये तपास करणाऱ्यांपैकीच काही जण लाच घेताना पकडले गेले. (यावर काय बोलणार!) सगळी फी भरून झाल्यावर शेवटची परीक्षा दोन वर्षं लांबली तर चार लाखांवर आणखी 84,000 व्याज चढतं. हप्ता 7,381 वरून 8,514. कमाई शून्य, कारण नर्स म्हणून नोंदणी नाही.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय बघायला जा, तेही सकाळी आठला, न सांगता. 100 खाटांची पाटी असेल तर वॉर्डात जाऊन मोजा. चादरी कोऱ्या करकरीत, सलाईनचे स्टँड कोपऱ्यात एकावर एक आणि पेशंट सहा, असं दिसलं तर मुलगी शिकणार कुणावर? शिक्षकांची यादी मागा आणि त्यातले दोघे वर्गात प्रत्यक्ष भेटतात का ते बघा. मूळ मार्कशीट कुणाकडे जमा करू नका, झेरॉक्स द्या.

पैसे वाचवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे शिकत असतानाच व्याज भरत जाणं. पहिल्या वर्षी महिना 875, दुसऱ्या वर्षी 1,750, तिसऱ्या वर्षी 2,625, पुढे 3,500. असं केलं तर दहा वर्षांचा हप्ता 5,397 वरच राहतो आणि एकूण 90 हजारांच्या आसपास वाचतात. बऱ्याच बँका यावर दरात एक टक्का सूटही देतात, ती लेखी मागून घ्या. वडिलांचं उत्पन्न वर्षाला 4.5 लाखांपर्यंत असेल तर अभ्यासाच्या काळातलं व्याज केंद्राच्या योजनेतून मिळू शकतं, पण कॉलेज नॅक किंवा एनबीएच्या कक्षेत येत नसेल तर त्याला नर्सिंग परिषदेची मान्यता लागते. प्रवेशाआधीच विचारा, नंतर काही उपयोग नाही.

7.5 लाखांपर्यंत काही गहाण ठेवावं लागत नाही म्हणून लोक बिनधास्त सही करतात. बाबा सहकर्जदार असतात. हप्ता चुकला की सिबिल त्यांचाही पडतो, आणि धाकट्याच्या कर्जाच्या वेळी ते समोर येतं.

पीएनएसटी या राज्याच्या नर्सिंग प्रवेश परीक्षेतून सरकारी जागा मिळवण्यासाठी एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. चार लाखांच्या खासगी जागेपेक्षा ते स्वस्त पडतं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा कमी लेखू नका: तीन वर्षं, 70 हजारांप्रमाणे 2.1 लाख, दहा वर्षांचा हप्ता 3,726. मात्र नॉरसेटला बसायचं तर 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून पहिली नोकरी निवडताना खाटा मोजा आणि अनुभवाचं पत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका.

ज्यांचा कोर्स आधीच लांबला आहे त्यांनी बँकेला मुदतवाढीचा अर्ज आजच द्यावा. बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत जास्तीत जास्त दोन वर्षांची वाढ मिळू शकते. सोबत परीक्षा लांबल्याचं कॉलेजचं पत्र जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर पहिला हप्ता थकला की अर्ज दिलाच नव्हता म्हणतात.